गॅस नसल्याची तालीम

मधुसूदनरावांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण हाताची कागद काढायची खोड काही गेली नव्हती. पुरवठा खात्यात ते हेडक्लार्क. तिथं त्यांचा कागद निघाला की माणसं उठून कामाला लागायची. घरी कागद निघाला की त्यांची बायको, उत्तराबाई, त्यावर शेंगा सोलायच्या. हे त्यांना फार लागायचं. म्हणून त्यांनी नंदनवन वस्तीतल्या आपल्या गल्लीची एक कमिटी काढली आणि तिचे सेक्रेटरी ते आपणच झाले. एकोणऐंशी साली गॅसची टंचाई सुरू झाली, नंबर लावून दीड-दीड महिना सिलिंडर मिळेना, तेव्हा सगळी गल्ली हवालदिल झाली. मधुसूदनरावांना मात्र, खोटं कशाला बोलायचं, मनातून जरा हुशारीच वाटली.

गल्लीत घरं अकरा. दहा घरी गॅस आणि अकराव्या घरी प्रयागबाईची चूल. प्रयागबाई मौद्याकडच्या खेड्यातली. अंगणात दोन म्हशी, भिंतीवर गोवऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ धूर. तो धूर नेमका मधुसूदनरावांच्या खिडकीतून आत यायचा. त्यांनी आरोग्य खात्याकडे अर्ज केला, की सदर चूल हटवण्यात यावी. गल्लीतले मनोहरराव फिरायला जाता जाता तो कागद घरोघरी सह्यांसाठी फिरवून आले. सेक्रेटरींच्या कागदावर सही करताना गल्लीत कुणी चष्मा शोधत बसत नसे, आणि सेक्रेटरीही सह्या बघत बसले नाहीत. कागद पाकिटात घातला आणि धाडला. इन्स्पेक्टर रविवारी दुपारी एकला जागा पाहायला येतो म्हणाले.

मग मधुसूदनरावांनी त्याच रविवारी तालीमही ठेवली. गॅस संपला असं समजून दिवसभर स्वयंपाक करायचा. इन्स्पेक्टरला एकीकडे धूर दिसेल, दुसरीकडे दहा घरांची शिस्त दिसेल. दुधात साखर! दहाही घरी छापील चिठ्ठ्या गेल्या. त्यात रकाना होता, ‘पर्यायी व्यवस्था’. सगळ्या चिठ्ठ्या भरून परत आल्या. मधुसूदनरावांनी त्या व्यवस्थित टाचल्या. वाचायच्या तेवढ्या राहिल्या.

रविवारी सकाळी सहाला त्यांनी थाळी वाजवली आणि घरोघरी जाऊन रेग्युलेटर काढून घेतले. कुणी चोरून चहा टाकू नये म्हणून. दहा रेग्युलेटर पिशवीत, पिशवी त्यांच्या कपाटात, किल्ली जानव्याला. अशी व्यवस्था खुद्द कलेक्टर कचेरीतही नसेल, असं ते दोनदा म्हणाले.

साडेसातला पलीकडच्या घरातल्या यमुताई तांदळाचं भांडं घेऊन मनोहररावांच्या दारात गेल्या. तर मनोहररावांची बायको कणीक घेऊन त्यांच्या शेजारच्या अनंतरावांकडे निघालेली. आणि अनंतराव दुधाची पातेली सांभाळत यमुताईंच्या दारी उभे. तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मधुसूदनरावांनी घाईघाईनं टाचलेल्या चिठ्ठ्या सोडवून वाचल्या. दहांपैकी नऊ रकान्यांत एकच उत्तर होतं : ‘शेजारी करू.’

“आणि तुमच्या घरी स्टोव्ह आहे न?” त्यांनी मनोहररावांना विचारलं.

“स्टोव्ह आहे, पण घासलेट कुठून आणू? त्याची लाइन तर गॅसपेक्षा मोठी आहे.”

दहावी चिठ्ठी खुद्द सेक्रेटरींची. तीत ठळक अक्षरात होतं : ‘कोळशाची शेगडी.’ ते ताठ मानेनं घरात गेले.

“शेगडी काढ,” ते उत्तराबाईंना म्हणाले.

“अहो, तिच्यात तर मी कोरफड लावली न. तीन वर्षं झाली. रोज तुम्हीच तर पाणी घालता.”

नऊ वाजले. मधुसूदनरावांनी किल्ली काढली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण मग तालीम नापास, आणि आजपासून गल्लीतही त्यांच्या कागदावर शेंगाच सोलल्या जाणार. ते जानवं धरून दारातल्या ओट्यावर बसून राहिले. यमुताईंचा नातू भातासाठी रडायला लागला होता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून प्रयागबाई म्हणाली, “काहून गा, आज साऱ्या गल्लीचा उपास हाय का?”

उत्तराबाईंनी सगळं सांगितलं. प्रयागबाई पदरानं तोंड झाकून पोटभर हसली.

“मंग मले काहून नाही सांगतलं? आना वं तांदूळ. चूल का माह्या एकटीची हाय?”

तिनं अंगणात विटांच्या आणखी दोन चुली मांडल्या. दहा घरच्या बायका पातेली घेऊन आत शिरल्या. पुरुषांना तिनं लाकडं फोडायला लावलं आणि सेक्रेटरींच्या हाती फुंकणी दिली. ते नको म्हणत होते, पण तिच्यापुढं हेडक्लार्कचं काही चाललं नाही. बारापर्यंत वरण-भात झाला, झुणका झाला. मधुसूदनरावांचे डोळे लालबुंद, मिशीला राख. आणि खरं सांगायचं तर फुंकर मारली की जाळ धरतो, हे बघून ते खुशीत आले होते. एकला इन्स्पेक्टर यायचे आहेत, हे ते विसरूनच गेले होते.

इन्स्पेक्टर विसरले नव्हते. ते सायकल लावून आत आले आणि तीन चुलींभोवती बसलेली गल्ली बघून थांबले.

“धुराची तक्रार इथलीच आहे न? अर्ज कोणाचा?”

मधुसूदनराव फुंकणी हातात घेऊन उभे राहिले. “माझा,” ते म्हणाले.

इन्स्पेक्टरनं कागद उलगडला. “सह्या तर पूर्ण अकरा आहेत. अकरावी सही नाही, अंगठा आहे. प्रयागबाई, राहणार नंदनवन. या कोण?”

“मी,” परातीत भाकरी थापता थापता प्रयागबाई म्हणाली.

“बाई, तुम्ही तुमच्याच चुलीविरुद्ध अंगठा दिला?”

तिचा हात थांबला. तिनं आधी चुलीकडे पाहिलं, मग मधुसूदनरावांकडे. “मले का माहीत? मनोहरराव म्हनले भाऊचा कागद हाय, त म्या अंगठा देल्ला. शेजाऱ्याच्या कागदाले नाही कसं म्हनाव?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मधुसूदनरावांनी नोकरीत साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण असे कानकोंडे ते कधी झाले नव्हते. त्यांना भयंकर लाज वाटली.

“अर्ज मागं घेतो,” ते म्हणाले.

“तसं लिहून द्या. पण सह्या पुन्हा अकराही लागतील.”

मधुसूदनरावांनी चुलीजवळच उकिडवं बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. दहा सह्या भराभर झाल्या, याही वेळी न वाचता. मग कागद प्रयागबाईकडे आला. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, उतरवून ठेवलेल्या पातेल्याच्या बुडाला अंगठा घासून काळा केला आणि पुढं केला.

मधुसूदनरावांनी कागद मागं ओढला. “थांबा. आधी वाचून दाखवतो. पटलं तरच द्या.”

प्रयागबाईनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग अंगठा तसाच वर धरून म्हणाली, “वाचा भाऊ. पन लवकर वाचा, तव्यावरची भाकर जळून राहिली.”