मागे न घेतलेला संप

गिरण्यांचा संप कधी संपला, असं कोणी विचारलं की माझं डोकं सटकतं. संपला म्हणजे काय? ब्याऐंशीच्या जानेवारीत सुरू झाला, आणि तो मागे घेतला असं कोणीही, कधीही जाहीर केलेलं नाही. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, ती गोष्ट वेगळी. संप मागे घेतल्याचा एक कागद आणून दाखवा, मी भर रस्त्यात कान पकडतो.

मी लवू. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होतो. कापड विणायचे साचे बिघडले की दुरुस्त करायचे, हे माझं काम. आता लालबागला आमच्या चाळीच्या मागे माझं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक खड्डा. पण गाडी आली की बरी होऊनच जाते.

त्र्याऐंशी साली आमच्या चाळीतल्या वीस-बावीस कामगारांनी मारुतीसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली. जो संप फोडून गिरणीत जाईल, त्याच्याशी मरेपर्यंत बोलायचं नाही. नारळ पुढे धरला होता अप्पांनी, ते आमच्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आणि दीड महिन्यात आत गेला कोण, तर रमाकांत! दुसऱ्या माळ्यावरचा, माझ्याबरोबर एका डब्यात जेवणारा. तो बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोणी आलं नाही तर त्याच्या जागी काम करायचं. मालकाने त्याला कायम केला. आणि लावला कुठे? माझ्या जागी. माझे पाने, माझं स्टूल, सगळं त्याला.

तेव्हापासून मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. जिन्यात समोर आला की भिंतीकडे तोंड करायचो. त्याची बायको शांती गेली, तेव्हा चाळीतून तिला नेत होते आणि मी दार लावून आत बसलो होतो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शब्द म्हणजे शब्द. संपात माझं सगळं गेलं, हा एक शब्दच काय तो माझा राहिला होता.

तर दोन हजार अकराच्या मे महिन्यात वरळी कोळीवाड्यातली दमयंती तिची जीप घेऊन आली. म्हणजे ढकलत आणली. चारही चाकं ओढणारी जीप, वाळूत, खडकात कुठेही चढते. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, हिची होडी किनाऱ्यावर ओढून वर घ्यायला तीच लागते. पूर्वी तीस माणसं लागायची, आता ती माणसं ऑफिसात बसतात. जीपचं इंजिन कायमचं जाम झालं होतं. हिने अपघातात गेलेल्या तसल्याच एका नव्या जीपचं इंजिन मिळवलं होतं.

"दादा, पंचवीस तारखेला होडी वर घ्यायचीय," ती म्हणाली. "त्याच्यापुढं दर्या काय थांबत नाय. पाण्यात ऱ्हायली तर फळ्या वेगळ्या होतील."

"वीसला घेऊन जा," मी म्हटलं. दिला शब्द.

तीन दिवसांत जुनं इंजिन काढलं, नवं बसवलं. एक बोल्ट ढिला राहिला नाही की एक पाइप गळला नाही. चावी फिरवली आणि काळा धूर! खोकतंय, अडखळतंय, वेग म्हणून घेत नाही. डिझेल बघितलं, हवा बघितली, सगळं ठीक. मग लक्षात आलं. हल्लीच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. डबाच म्हणा, पितळी टिफिनच्या झाकणाएवढा. किती डिझेल टाकायचं, कधी टाकायचं, ते तो डबा ठरवतो. मी जीपमधला जुना डबा तसाच ठेवला होता, कारण प्लग बसत होता. आम्ही गिरणीत तेच करायचो ना, या साच्याची मोटर त्या साच्याला. मोटरला कुठे कळतंय आपण कोणाकडे आलो ते! पण या नव्या इंजिनाला जुन्या डब्याचा हिशेब पटत नव्हता.

बरं, नव्या इंजिनाबरोबर त्याचा डबा आला होता. तो लावला. गाडी फट्कन चालू झाली, काय गोड आवाज! दोन सेकंद. मग बंद. परत चालू, परत दोन सेकंद. पन्नास वेळा केलं असेल. शेवटी मीच तिला शिव्या घालून दमलो.

कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. तिथला टाय लावलेला माणूस म्हणाला, "काका, चावीत चिप असते. हा कॉम्प्युटर त्याच्या मूळ गाडीची चावी शोधतोय. ती कुठेय?"

"अपघातात गेली."

"मग नवा सेट मागवावा लागेल. दोन महिने."

दोन महिन्यांनी काय, होडीच्या फळ्या जाळून त्यावर तिसऱ्या-शिंपल्या भाजायच्या? दोन्ही डबे पिशवीत घातले आणि गिरगावात एका दुकानात गेलो, तिथे म्हणे असले डबे उघडतात. दुकानदाराने भिंगाखाली बघितलं आणि मान हलवली. "जुन्या डब्यात चावीची ओळख आहे, ती उचलून नव्यात घालायची. होतं. पण हे मॉडेल आम्ही करत नाही. असले अवघड डबे आम्ही बाहेर पाठवतो, एका काकांकडे."

"पत्ता द्या."

त्याने दिला. माझ्याच चाळीचा पत्ता. दुसरा माळा, रमाकांत.

मी पिशवी घेऊन चालत लालबागला आलो. बस नाही, टॅक्सी नाही. डोकं थंड व्हायला तेवढं अंतर हवंच होतं, तरी झालं नाहीच. गिरणी बंद झाल्यावर हा रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायला लागला होता एवढं ठाऊक होतं. पण हा गाड्यांचे डबे उघडतो, हे चाळीत मला कोणी सांगितलं नव्हतं.

गॅरेजात दमयंती बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, शपथेसकट. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. "संप तुजा. मग होडी माजी का बुडवतोस?"

मी पिशवी उचलली आणि घरी गेलो. त्या रात्री मालनला यातलं काही सांगितलं नाही. मालन म्हणजे माझी बायको. ती दोनदा म्हणाली, "अहो, काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही.

सकाळी मला युक्ती सुचली. शपथ बोलायची नाही अशी होती, लिहायची नाही अशी नव्हती! वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'डबा १, जुना. डबा २, नव्या इंजिनाचा. १ मधली चावीची ओळख २ मध्ये घालणे. परवा पाहिजे. होडीचं काम आहे.' खाली सही केली, लवू, फिटर. दुसऱ्या माळ्यावर गेलो, दार उघडंच होतं. त्याच्याकडे न बघता कागद आणि पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली.

रमाकांत म्हातारा झाला होता. रोज बघायचो, पण असा समोरून बघितला नव्हता. त्याने कागद वाचला, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि त्याच कागदावर लिहिलं: 'दोन तास. बसतोस?'

मी लिहिलं: 'बसतो.'

हसू नका. साठीचे दोन बाप्ये एका खोलीत बसून चिठ्ठ्या लिहीत होते.

त्याने जुना डबा उघडला. भिंग लावलं, गरम हवेच्या यंत्राने आठ पायांची मुंगीएवढी चिप सोडवली. हात जरासुद्धा हलत नव्हता. माझे पाने या हातात गेले होते, हे आठवून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मी कारागिरी बघत होतो.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. "रमाकांता, पेपर इलो काय रे?" म्हणत अप्पा आत आले. पंच्याऐंशीचे अप्पा, ज्यांच्या हातात तो नारळ होता! सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, रोजची जागा असल्यासारखे. मग त्यांनी मला बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

मी उठणार, तोच मालन आली. माझी मालन. हातात झाकलेली वाटी. "भावजी, तिसऱ्यांचं सुकं केलंय, गरम आहे तोवर..." आणि मग मी दिसलो.

मग माझा आवाज चाळीत तिसऱ्या माळ्यापर्यंत गेला असेल. "संप कोणी मागे घेतला? मला विचारलं कोणी? अप्पा, नारळ तुमच्या हातात होता! आणि तू, मालन? किती वर्षं चाललंय हे?"

"पंधरा वर्षं," मालन म्हणाली. तिने वाटी शांतपणे टेबलावर ठेवली. "शांतीवहिनी आजारी पडली तेव्हापासून. सगळी चाळ येते. एक तुम्ही सोडून."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? तुम्ही आमच्याशीही बोलणं टाकलं असतं. टाकलं नसतं का? सांगा ना."

टाकलं असतं. ती खरं बोलत होती.

अप्पांनी पेपर खाली केला. "लव्या, गप ऱ्हव जरा," ते म्हणाले. "मी तुका सांगणार होतंय. ह्या रमाकांतानच अडवल्यान. ह्योच म्हणालो, लवूदाक सांगू नका. तेचो संप चालू असा, तो चालू ऱ्हवांदे. आम्ही सगळे हरलों, तो एकटो तरी हरलो नाय."

मी रमाकांतकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही. नवा डबा बंद करून तो शेवटचा स्क्रू आवळत होता, पण स्क्रूड्रायव्हर खाचेतून सटकत होता.

मला राग आला नाही. लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं मी याला शिक्षा देत होतो आणि हा मला सांभाळत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी ते लपवलं नाही.

मी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू आवळला.

"रमाकांता," मी म्हटलं. त्या नावाची जिभेला सवयच राहिली नव्हती. "शांतीला खांदा द्यायला मी आलो नाही रे."

"नाही आलास," तो म्हणाला. "मी मागे वळून वळून बघत होतो."

मालन पदराने डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. तिला साखरेचा डबा शोधावा लागला नाही.