चादरीचे अकरा फोटो

बेबीच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य असे, "हलू नका." गंमत अशी की त्या घरात हलल्याशिवाय ज्याला राहवत नव्हतं असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे स्वतः बेबी. चहा पिताना तिचा पाय हले. फोनवर बोलताना ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घाली. वय त्रेचाळीस झालं तरी लहानपणचं 'बेबी' काही सुटलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. फोटो पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, परीक्षेच्या अर्जांचे. मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोळे उघडे, मागे सावली नको.

हा धंदा तिला वडिलांनी शिकवला, आणि त्याबरोबर दोन सवयी दिल्या. पहिली अशी की रोज कामाला लागण्याआधी एखाद्या पांढऱ्या वस्तूचा फोटो काढून बघायचा. पांढरं पांढरंच दिसलं, की उजेडाचं माप बरोबर. दुसरी अशी की बिघडलेला फोटो जागच्या जागी पुसायचा. "स्वतःचं वाकडं तोंड बघायला कुणी आपल्याकडे येत नाही," असं ते म्हणायचे. बेबीचा अंगठा तर इतका तयार झाला होता की डोळ्यांनी नीट बघायच्या आतच तो निकाल देऊन मोकळा होई.

त्या रविवारी सकाळी सातपासून ती परसात उभी होती. उभी कसली, नुसती फिरत होती. दहा वाजता झाडं तोडणारा येणार होता.

परसातल्या झाडाची एक मोठी फांदी दोन महिन्यांपूर्वीच्या वादळात बुंध्यापाशी तडकली होती आणि आता मागच्या खोलीच्या पत्र्यावर झुकली होती. तिच्याच शेंड्याकडे शिक्र्याचं घरटं होतं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. छातीवर बारीक आडव्या रेघा आणि पिवळेधमक डोळे. घरट्यात बसलेली मादी वरून अशी रोखून बघायची, की गृहपाठ न केलेल्या मुलासारखं वाटावं. घरात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत.

बेबीचा थोरला भाऊ, दादा, शाळेची बस चालवायचा. वळण दिसायच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस. फांदी पत्र्यावर कोसळेपर्यंत वाट बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"तुझ्या मास्तरीणबाईंशी माझं वैर नाही," तो आठवड्यापूर्वी म्हणाला होता. "पण घरटं रिकामं असलं तर? नुसतीच बसत असेल. मला पिल्लू दाखव. एक पिल्लू दिसलं, तर मी महिनाभर फांदीला हात लावू देणार नाही."

आणि बेबीने फोटो दाखवले होते. एक नाही, चांगले दीडशे. दादाने चष्मा पुसून सगळे पाहिले.

"बेबे, हिला काय पासपोर्ट काढून द्यायचाय?"

खरंच, प्रत्येक फोटोत मास्तरीणबाई समोर बघत होत्या. मान सरळ, दोन्ही डोळे स्वच्छ, मागे आकाश आणि कुठे सावली नाही. पिल्लू मात्र एकाही फोटोत नव्हतं. लहान पिल्लं घरट्याच्या खोलगट भागात दडलेली असतात. खालून ती दिसायची कशी?

साडेआठ झाले. बेबी स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"अगं, एका जागी बस ना," वहिनी खिडकीतून म्हणाली. "ती बिचारी तुझ्याकडे बघून बघून दमली असेल."

आणि तेवढ्यात बेबीला ते आठवलं. परवाचीच गोष्ट. नर भक्ष्य देऊन गेला होता आणि मादीने खाली मान घातली होती. बेबीने फोटो काढला, पण मादी हलली होती; सगळं फराटे ओढल्यासारखं आलं होतं. आणि मादीच्या चोचीखाली काहीतरी पांढरं, कापसासारखं, वर आलेलं. ते कळायच्या आत अंगठ्याने काम उरकलं होतं.

पिल्लू होतं, तिच्या हातात होतं, आणि तिनेच ते पुसलं होतं.

"वहिनी, मी मूर्ख आहे."

"आज कळलं?" म्हणत वहिनी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. सगळं ऐकल्यावर मात्र तिने थट्टा केली नाही. "दादाला सांगून बघ."

दादाने ऐकून घेतलं. "पुसलेला फोटो मला कसा दिसणार, बेबे? तुला असेल तशी खात्री. फांदी पडली, तर खाली तुझी वहिनी असते रोज सकाळी फरशी घासायला."

ते खरंच होतं.

दहाला पाच कमी असताना झाडं तोडणारे काका आले. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात करवत, मागे शिडी. त्यांनी फांदीखाली उभं राहून वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"घरटं वापरात आहे का?"

"तेच तर ठरत नाहीये," दादा म्हणाला.

"खाली पांढरं पडतंय?"

फरशी लख्ख होती. वहिनी रोज सकाळी ती घासून धुवायची. "इथं पडलेलं राहील होय!" ती म्हणाली. "या कावळ्यांनी आधीच जीव खाल्लाय. धुवायला घेतलेल्या दवाखान्याच्या चादरी मी दुपारी इथं वाळत घालायची, सकाळी बघावं तर डाग. दोनदोनदा धुतल्या. शेवटी चार दिवसांपूर्वी दोरी गच्चीवर नेली."

बेबीचा हलणारा पाय थांबला.

"वहिनी, डाग कधीपासून?"

"मला काय तारीख लिहून ठेवायची होती?"

तारीख लिहिलेली होती. परसात पांढरी भिंत नाही, म्हणून बेबी रोज सकाळी दोरीवरच्या चादरीचा फोटो काढून उजेडाचं माप घेत होती. ते फोटो तिने कधी पुसले नव्हते. चादर कुठे डोळे मिटते? तिने कॅमेरा उघडला आणि भराभर मागे गेली. घरट्याचे फोटो काढायला लागल्यापासून दोरी गच्चीवर जाईपर्यंतचे अकरा फोटो निघाले.

पहिल्या आठ दिवसांची चादर निव्वळ पांढरी. नवव्या दिवशी कडेला एक राखाडी-पांढरा ओघळ. दहाव्या दिवशी तीन. अकराव्या दिवशी पाच-सहा, सगळे एकाच बाजूला, पंख्यासारखे पसरलेले.

काकांनी कॅमेरा उन्हापासून आडोशाला धरून पाहिलं, आणि ते हसले.

"हे कावळ्याचं नव्हे, वहिनी. कावळ्याचा ठिपका पडतो. ही पिचकारी आहे. पिल्लं फार स्वच्छ असतात बघा. घरटं घाण करत नाहीत. काठाकडे पाठ करतात आणि बाहेर उडवतात. तुमच्या चादरीवर नेम बसला, एवढंच."

दादाने चष्मा काढला. "म्हणजे नवव्या दिवशी जन्मली?"

"त्याच्या एखाद-दोन दिवस आधी."

"पण फांदी?"

"आज करवत नको. घरट्याच्या खालच्या बाजूला बांधून देतो. वरच्या जाड फांदीला दोर घालून तोलून धरतो. महिनाभर टिकेल. खाली मात्र कुणी उभं राहायचं नाही."

काका शिडीवर चढले. घरट्यापासून बरेच खाली होते, तरी मास्तरीणबाई किंचाळत उडाल्या, दोनदा काकांच्या डोक्यावरून गेल्या आणि छपरांपलीकडे दिसेनाशा झाल्या. दोर आवळला, गाठ बसली, फांदी कुरकुरली. काका शिडी घेऊन निघून गेले. घरटं मात्र उघडं पडून राहिलं.

साडेअकरा वाजले. बारा. ऊन थेट घरट्यावर आलं.

"येईल ना गं?" दादाने विचारलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं होतं. आता तोही येरझाऱ्या घालत होता, आणि त्याच्यामागून बेबी. वहिनी म्हणाली, "दोघं भावंडं एका जागी बसा बघू. तुमच्या फेऱ्या बघून कोण पक्षी खाली उतरेल?"

ते बसले. स्टूल एकच होतं. दादा पायरीवर टेकला. बेबीने दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःला मनातल्या मनात सांगत होती, हलू नकोस.

सव्वाबाराच्या सुमारास पानांत सळसळ झाली. मास्तरीणबाई आल्या, पायात सरडा. नव्या दोराकडे त्यांनी रोखून पाहिलं, दोराने उत्तर दिलं नाही, तेव्हा घरट्याच्या काठावर उतरून मान खाली घातली. आणि एक डोकं वर आलं. मग दुसरं.

बेबीने कॅमेरा उचलला आणि एकदाच बटण दाबलं.

फोटो साफ बिघडला होता. मादीचं शेपूट चौकटीबाहेर, पान मध्ये, आणि दोन पांढरे धूसर गोळे, त्यातल्या एकाची चोच उघडी. अंगठा सवयीने पुसायच्या बटणावर गेला.

"बघू," दादा म्हणाला. त्याने बघितलं. "हललाय गं."

बेबीने अंगठा मागे घेतला.

"हललाय," ती म्हणाली. "पण आहे."