आजोबांना विचारल्याशिवाय वर जायचं नाही

पैज लागली ती दुसऱ्याच्या सोफ्यावर. बिल्डिंगच्या खाली माझं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तयार झालेला सोफा त्याचा मालक घेऊन जाईपर्यंत त्याच्यावर सगळ्या बिल्डिंगचा हक्क. तर त्या संध्याकाळी एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेजारच्या दवाखान्यातले, पण राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये असलेले दातांचे डॉक्टर, आणि मध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मटार सोलत बसलेल्या.

विषय आमच्या पोरीचा. ती नुकतीच परदेशी गेली होती, युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंजवर. आपल्याकडची मुलगी तिकडे एक टर्म शिकणार, तिकडची इकडे. राहायचं एकमेकींच्या घरी, एकमेकींच्या खोलीत. आमची तिकडच्या आईच्या हातचं जेवायला लागलीसुद्धा होती, आणि तिकडची उद्या आमच्याकडे येणार होती.

"बिचारी," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या लांबून येणार आणि नेमकी तुझ्या घरात पडणार. पहिल्याच दिवशी टोपी घालशील तिला."

"घालणारच. आणि जायच्या दिवसापर्यंत तिला कळणार नाही."

"शिकलेली मुलगी आहे रे. लगेच पकडेल."

"लावता?"

डॉक्टरांनी माझ्या मिशीकडे बघितलं. ही मिशी लग्नाच्या आधीपासूनची. दोन्ही गालांच्या बाहेर येते. मी पाठमोरा उभा असलो तरी मीच आहे हे कळतं.

"अर्धी मिशी," ते म्हणाले. "हरलास तर इथेच, सगळ्यांसमोर, अर्धी काढायची. उरलेली अर्धी घेऊन गावभर हिंडायचं."

"आणि तुम्ही हरलात तर दवाखान्याच्या पाटीवर लिहायचं, इथे दात घाबरवून पाडले जातात."

काकूंनी शेंग मोडली आणि म्हणाल्या, "मी साक्षीदार. आता दोघंही सरका, मला हात हलवता येईना."

आमची लिफ्ट जुनी आहे. जाळीचं दार, आतला दिवा मनात आलं तर लागतो, आणि चढताना कण्हल्यासारखी वाजते. दुसऱ्या दिवशी पाहुणी बॅगा घेऊन आली. आपली भाषा ती तिकडे पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे छापील बोलायची. ती लिफ्टमध्ये शिरणार एवढ्यात मी हात आडवा घातला.

"असं नाही जायचं गं. आधी विचारायचं." मी जाळीवर दोनदा टकटक केलं. "आजोबा, येऊ का? असं. आणि उतरताना, सावकाश जा हं आजोबा."

"न विचारल्यास काय होते?"

"रुसतात. दोन मजल्यांच्या मध्ये थांबतात."

"यंत्र रुसते?"

"यंत्र म्हणू नकोस, ऐकतील."

तिने माझ्याकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं, आणि टकटक केलं. नशीब बघा, त्या दिवशी लिफ्ट आवाज न करता थेट वर गेली. मग मी मजल्यामजल्यावर फिरून सगळ्यांना पढवलं. आमची बिल्डिंग असल्या कामात कधी मागे राहत नाही. संध्याकाळपासून जो तो पाहुणी दिसली की आजोबांना विचारायला लागला.

बायको तेवढी कुरकुरली. "तिकडे आपल्या पोरीला कोणी असं बनवलं तर?"

"माझी पोरगी आहे ती. तीच बनवत असेल."

टर्म निम्म्यावर आली. मी बिनघोर होतो. एका दुपारी दुकानात खुर्चीला रेक्झिन ठोकत होतो, ओठांत बारके खिळे धरलेले, आणि पाहुणी नाचत आली.

"काका, माझा विषय मंजूर झाला. एक जिवंत प्रथा निवडून तिचा अभ्यास करायचा होता. मी तुमच्या लिफ्टचे आजोबा निवडले. संपूर्ण वर्षाचे गुण यावरच आहेत. नापास झाले तर घरी जाऊन वर्ष पुन्हा करावे लागेल."

एक खिळा घशाच्या तोंडापर्यंत गेला. खोकत खोकत बाकीचे थुंकले आणि म्हणालो, "अगं, ऐक, ते आजोबा म्हणजे..."

तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. "नको, काका. आमच्या इथल्या कॉलेजच्या बाईंचा नियम आहे. ज्या घरी राहतो त्या घरच्या माणसांशी विषयावर बोलायचे नाही. घरचे लोक आपल्याला आवडेल तेच सांगतात." आणि गेली.

खरं सांगू, मला जरा हायसंच वाटलं. सांगायला गेलो, तिनेच ऐकलं नाही, मिशी वाचली. पण संध्याकाळी पोरीचा फोन आला.

"बाबा, इथल्या आई मला रोज सकाळी बसस्टॉपपर्यंत सोडायला येतात. नको म्हटलं तरी येतात. आणि रोज विचारतात, आमची मुलगी बरी आहे ना? मी सांगते, माझे बाबा आहेत तिथे, काळजी करू नका."

फोन स्पीकरवर होता. बायकोने पोळपाट जरा जोरात आपटला, तेवढंच.

परीक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. तोंडी सांगायचं, पडद्यावर दाखवायचं. पाहुणीने अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं होतं आणि अख्खी बिल्डिंग इस्त्री करून आली होती. डॉक्टर माझ्या शेजारीच. सारखे माझ्या मिशीकडे बघून गालात हसत होते. पुढे त्या बाई, हातात पेन.

पाहुणी उभी राहिली. हातात कागद. "ही प्रथा कोणी सुरू केली, हे मला सापडले नाही. बिल्डिंगमध्ये ज्यांना विचारले ते सगळे म्हणाले, पूर्वीपासून आहे."

बाईंचं पेन थांबलं. "सुरुवात माहीत नसेल तर अभ्यास अर्धाच झाला की."

पाहुणीचा चेहरा उतरला आणि मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही.

"बाई, तिचे गुण कापू नका. पूर्वीपासून वगैरे काही नाही. मीच सुरू केलं, ती आली त्या दिवशी. डॉक्टरांशी पैज लावली होती. आजोबा नाहीत, काही नाही, साधी लिफ्ट आहे. पोरीची काही चूक नाही."

पाहुणीचं तोंड उघडं ते उघडंच.

"तुम्ही?" ती म्हणाली. "काका, तुम्ही?"

"हो. रागव, पण आत्ता नको, आधी पास हो."

"पण लिफ्ट साधी आहे, हे मला कधीच कळले होते. दुरुस्तीवाला आला होता. त्याने काही विचारले नाही, उलट आजोबांना शिव्या दिल्या, आणि त्यानंतर ती उत्तम चालली. मला हे कळत नव्हते की बाकीचे का विचारतात. म्हणून मी जिन्यात बसू लागले." ती बाईंकडे वळली. "लिफ्टच्या दाराशी सूचना लावली होती, इथे अभ्यासासाठी चित्रीकरण चालू आहे. ती कोणीही वाचली नाही."

पडदा उजळला. जिन्यातून घेतलेलं चित्र, समोर लिफ्टची जाळी. आसपास कोणी नाही. चेहऱ्यांवर तिने काळे ठिपके टाकले होते, ओळख पटू नये म्हणून. काकू आल्या, भाजीच्या पिशव्या सावरत कोपराने टकटक, "आजोबा, येऊ का?" मग बॅग घेतलेला एक टकला माणूस. टकटक. "आजोबा, येऊ का?" माझ्या शेजारी डॉक्टरांनी रुमाल काढून टक्कल पुसलं.

मग आणखी एक काळा ठिपका आला. त्याच्या दोन्ही बाजूंनी मिशी बाहेर आलेली.

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

तो मिशीवाला एकटा होता. त्याने टकटक केलं, विचारलं, आणि थांबला. अगदी कान देऊन थांबला, आतून कोणी हो म्हणेल असा. मग आत शिरला. पुढच्या चित्रात तो उतरला, जाळीवर थोपटलं, म्हणाला, "सावकाश जा हं आजोबा," आणि रिकामी लिफ्ट दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिला.

शपथेवर सांगतो, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"हे कधी केलं मी?" मी बायकोला विचारलं.

"रोज करतोस. मला वाटलं, मुद्दाम."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हीच सुरू केलं, तर मग एकटे असताना कशाला विचारता?"

"माहीत नाही हो बाई. बहुतेक... मध्येच थांबली असती तर?"

हॉल हसून फुटला. मला मात्र हसू येईना. जन्मात पहिल्यांदा टोपी माझ्या डोक्यावर होती आणि घालणाराही मीच. बाईंनी खूप वेळ काहीतरी लिहिलं. मग पाहुणीला म्हणाल्या, "सुरुवात सापडली तुझी. स्वतःच्या पायांनी चालत आली." पोरीने कागदात तोंड लपवलं. पास झाली होती.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना धरलं. "तुम्ही तिला सांगितलंत, पूर्वीपासून आहे म्हणून?"

"पैजेत होतो. मी कसा फोडणार?"

"आमच्या वडिलांच्या वेळेपासून असं म्हणाले ते," पाहुणी म्हणाली.

डॉक्टर आभाळाकडे बघायला लागले. "निघून गेलं तोंडातून."

रविवारी सकाळी सोफा रस्त्याच्या कडेला मांडला. बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरलेल्या. मी मध्ये बसलो. डॉक्टरांनी पेशंटला लावतात तो कागदी रुमाल माझ्या गळ्यात चिमट्याने अडकवला, नवा वस्तरा उघडला आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

"मिशी काढताय, दाढ नाही."

पाहुणीने फोन धरला होता. फोनमध्ये आमची पोरगी, तिच्या खांद्यावरून डोकावणारी तिकडची आई. त्या माउलीला भाषा कळेना, पण वस्तरा दिसला आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"बाबा, हलू नका," पोरगी म्हणाली. "त्यांना सांगितलंय मी, तुम्ही हरलात."

"डावी की उजवी?" डॉक्टरांनी पाहुणीला विचारलं.

"उजवी," ती म्हणाली. "पडद्यावर तीच जास्त दिसली."

वस्तरा ओठाला टेकला तेवढ्यात काकू पिशव्या घेऊन आमच्या मागून आत गेल्या. जाळीवर टकटक झालं. "आजोबा, येऊ का?"

रस्ता गप्प झाला. गॅलऱ्या गप्प झाल्या. वस्तरा हवेत धरून डॉक्टरही थांबले.

लिफ्ट कण्हली आणि निघाली. मग डॉक्टरांनी माझी उजवी मिशी उतरवली.