मुकी पट्टी

ब्याण्णव सालच्या वैशाखात मालन दोन दिवसांसाठी म्हणून ठाण्याला माहेरी आली. दोन दिवस हा तिच्या नवऱ्याचा शब्द.

"मागच्या वर्षी चैत्रात गेलीस ती पावसाला आलीस," विठ्ठल म्हणाला होता. "या वेळी नंदाची हळद तेवढी वाजव. त्याच संध्याकाळी मीच येतो न्यायला."

विठ्ठल रेल्वेत खलाशी होता. ठाकुर्लीला राहायचा. आवाज कधी चढवायचा नाही, आणि मालनला त्याचीच धास्ती वाटायची. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर देता येतं.

तिचा थोरला भाऊ राघो कोळीवाड्यात हळदीला गाणी वाजवणारी पार्टी चालवायचा. पूर्वी बेंजोवर तो स्वतः बसायचा. मग बंदरावर बर्फाच्या क्रशरमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच्या शेजारी बसून बसून शिकलेल्या मालनचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. ती त्याच्या जागेवर बसली. पुढे बेंजो जाऊन कीबोर्ड आला, घरातले त्याला पेटीच म्हणत, आणि 'बाई वाजवते' हे बघायला कळवा-दिव्यापासून लोक यायला लागले. मालनचं लग्न झालं तरी लगीनसराई आली की राघो ठाकुर्लीच्या दारात उभा. त्याच्या हाताकडे बघून नाही म्हणायला तिची जीभ कधी वळली नव्हती.

नंदा म्हणजे शेजारची पोर, मालनच्या कडेवर वाढलेली. तिच्या हळदीच्या दुपारी मालननं हात साफ करायला कीबोर्ड लावला, तर मधली एक पांढरी पट्टी मुकी. दाबली की खाली जायची, वर यायची, पण आवाज नाही. आजूबाजूच्या सगळ्या वाजत होत्या. नेमकी हीच नाही, आणि सगळी गाणी हिच्यावरच येऊन टेकायची.

"काय झाला गं?" राघोनं आतून विचारलं.

"बघते उघडून."

तिनं ओटीवर गोधडी अंथरली, कीबोर्ड पालथा घातला आणि स्क्रू काढले. राघो आणि आई, दोघं समोर येऊन बसली. आईचं नाव सगुणा. सकाळी बाजारात म्हावरं विकून आलेली, पदराचा वास तसाच.

पट्ट्यांच्या खाली रबर असतं. प्रत्येक पट्टीखाली एक फुगवटा, त्याच्या पोटात काळा ठिपका. पट्टी दाबली की ठिपका खाली टेकतो आणि सूर लागतो. मागच्या सराईत बायकांनी मालनच्याही हातांना हळद फासली होती. ती झिरपत आत गेली होती, आणि त्या एका फुगवट्याचा ठिपका तुटून पडला होता.

इलाज तिला ठाऊक होता. मागं असंच झालं तेव्हा कल्याणच्या कारागिरानं तिच्यादेखत केला होता. राघो तेव्हा बाहेर चहाला गेला होता. उजव्या टोकाच्या पट्ट्यांना कोणी हात लावत नाही. तिकडचा रबराचा तुकडा मधे बसवायचा, मधला तिकडे. झालं.

मालननं रबर बोटांत धरलं. हे बिघडलेलंच राहिलं तर? विठ्ठल यायच्या आत ती पिशवी भरून दारात उभी राहील. पुढच्या हळदी आपोआप दुसऱ्या पार्टीला जातील. कोणाला नाही म्हणावं लागणार नाही.

"रबर गेलंय दादा," ती म्हणाली. "नवीन लागेल. आज नाय मिळायचं."

सगुणा म्हणाली, "नंदीच्या हळदीला पेटी नाय? तिच्या आईला काय सांगू मी?"

"मी वाजवतो," राघो म्हणाला. "ती पट्टी सोडून वाजवतो. बंद कर ते."

मालननं कीबोर्ड बंद करून दिला. राघोनं मांडीवर घेतला. डाव्या हाताची उरलेली बोटं त्यानं पट्ट्यांवर ठेवली आणि धवल्याची, लग्नातल्या गाण्याची चाल धरली. पट्टी चुकवायला जाई आणि दुसरीवर अडखळे. पुन्हा पहिल्यापासून. पलीकडे नंदाच्या घरात बायकांची गडबड थांबली. सगळ्या ऐकत होत्या. सूर जिथं टेकायचा तिथं नुसता पट्टीचा टकटक आवाज येत होता. राघोच्या कानशिलावरून घाम उतरला, पण त्यानं मान वर केली नाही.

मालननं कानांवर हात ठेवून बघितले. मग उठली.

"दे इकडे."

तिनं पुन्हा स्क्रू काढले आणि रबराची अदलाबदल केली. पट्टी दाबली. सूर लख्ख आला.

राघो त्या पट्टीकडे बघत राहिला. "हे मघाशी नव्हता का येत तुला?"

मालन स्क्रू आवळत राहिली. राघो उठून आत गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मांडवात हळद लागली. नंदाच्या गालांवर बायकांचे हात फिरत होते, ढोलकी तापली होती, आणि मालनच्या बोटांना थांबायला जागा नव्हती. एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याची फर्माईश. तेवढ्यात तिला विठ्ठल दिसला. मांडवाच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट घालून. कोणीतरी त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं. तो बसला. मालननं डोळ्यांनीच सांगितलं, एवढं झालं की येते. त्यानं मान हलवली.

दिव्याहून आलेला एक माणूस राघोच्या कानाशी वाकून बोलत होता. ढोलकीवरून आवाज जावा म्हणून राघो मोठ्यानं म्हणाला, "गुरुवारची हळद ना? येतो की! माझी बहीण हाय ना!"

विठ्ठलनंही ते ऐकलं. मालन नाही म्हणणार होती, तिथंच, मान हलवून. पण नंदाची आई नाचत नाचत समोर आली आणि तिच्या तोंडाला हळद लावून गेली. डोळे पुसून तिनं बघितलं तेव्हा रिकाम्या खुर्चीवर अर्धा ग्लास सरबत होतं.

सकाळी ती एकटीच ठाकुर्लीला गेली. विठ्ठल ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता. दार त्यानंच उघडलं, चहाही त्यानंच ओतला.

"थांबला का नाही?"

"तू वाजवत होतीस."

"पेटी बिघडली होती. दुरुस्त होत नाही म्हणून दादाला सांगितलं होतं मी."

"मग?"

"मग मीच केली."

विठ्ठलनं डबा पिशवीत ठेवला. चपला घातल्या. तो चिडला असेल म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, पण तो फक्त दमलेला दिसत होता.

"गुरुवारी किती वाजता जायचंय?" त्यानं विचारलं. "तू निघायच्या आधी डबा लागेल मला."

"दुपारी," मालन म्हणाली.