हाफटाइम

एस्तेरने रग्बीच्या व्हिडिओ गेमचं कव्हर उघडलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. आत डिस्कच नव्हती!

असा संताप आला म्हणून सांगू! मी या मुलांच्या वॉर्डात खेळणी वाटायला येते; लोक गेम देतात, कव्हर चकचकीत पुसून देतात, आणि डिस्क राहते घरी, मशिनच्या पोटात. आणि हे व्हायचं तेही आज? ही पोर पार उत्तरेच्या टोकाच्या थर्सडे आयलंड बेटावरून ब्रिस्बेनला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आलेली. तासाभरात तिला आत न्यायचं होतं.

"डेब आंटी, रग्बी खेळल्याशिवाय मी स्ट्रेचरवर चढणार नाही," ती म्हणाली. शेजारी तिची आजी बसली होती.

गेम दिला होता आमच्या बोलिंग क्लबातल्या कॉलिनने. आयुष्यभर ट्रक चालवलेला गडी. मी तडक फोन लावला.

"कॉलिन, डिस्क कुठाय?"

"कव्हरात."

"माझं डोंबल! मशिन उघडून बघ."

खुडबुड ऐकू आली. "अरे देवा..."

"देवाला नंतर बोलव, आधी तू ये!"

आला बाबा! अर्ध्या चड्डीत, धापा टाकत, काखेत अख्खं मशिन. "डिस्क काढत कोण बसतो!" म्हणाला. मी जंतुनाशकाने मशिन पुसलं आणि त्याचे हातही.

"मलाही पुसतेस?"

"तुला तर भिजतच घालायला हवं."

एस्तेर फिसकन हसली. खेळात तिने आमच्या क्वीन्सलंडची गडद लाल जर्सी घेतली. उरली निळी, आमच्या हाडवैऱ्यांची, न्यू साउथ वेल्सची. कॉलिन ती घ्यायला तयारच होईना!

"मेलो तरी निळी घालणार नाही."

"मग मी हरवू कुणाला?"

बिचाऱ्याने कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं आणि घेतली.

पण खेळताना पठ्ठ्याने दयामाया दाखवली नाही. निळे पुढे गेले. एस्तेर गुडघ्यांवर उठून बसली, चेहरा लालबुंद. तेवढ्यात स्ट्रेचर दारात आलं. "थांबा!" ती ओरडली. तिचा गडी कडेने सुसाट निघाला, एकाला चकवलं, दुसऱ्याला आडवा केला, रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि ट्राय! बरोबरी! सगळा वॉर्ड ओरडला. आजीने टाळ्या पिटल्या. मी तर उड्या मारल्या, या वयात!

स्ट्रेचरवाला वाट बघत होता.

एस्तेरने बटण दाबून खेळ थांबवला. "हाफटाइम. बाकीचा आल्यावर. कॉलिन, हात लावलास तर याद राख!" आणि स्वतःच्या पायाने चालत जाऊन स्ट्रेचरवर चढली.

कॉलिन तिथून हललाच नाही. चहा नको, जेवण नको. एका नर्सने विचारलं, "बंद करू का हे?"

"खबरदार!" असा ओरडला की ती दचकलीच.

दुसऱ्या दिवशी आजी अतिदक्षता विभागातून धावत आली. "डोळे उघडले! विचारते, स्कोअर बदलला नाही ना?"

"नाही म्हणावं," कॉलिन म्हणाला. "तसाच आहे. तिला सांगा, तसाच आहे." आणि तो भलादांडगा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.