वीरभद्रांचा नमस्कार

वर्षाराणी मॅडमनी नववीला इंग्रजीचा प्रकल्प दिला होता. आपल्या घरात चालणाऱ्या कामाची माहिती घरच्यांना विचारून गोळा करायची, इंग्रजीत लिहायची आणि पालकांसमोर उभं राहून सांगायची. पाठांतर नको, खरं तेवढंच लिहा, असं त्यांनी बजावलं. पोरांनी खरं लिहिलं. घोळ झाला तो इथंच.

हुपरीतल्या त्या शाळेचा हॉल पालकांनी गच्च भरला. इंग्रजी कळणारं मोठं माणूस त्यात एकच, आणि प्रकल्प देणारंही तेच. हेडमास्तर गणपतराव भूगोलाचे. इंग्रजी ऐकताना ते फक्त मान डोलवत. पृथ्वीराजनं म्हशीवर चार वाक्यं सांगितली. त्यातल्या दोनांत म्हैसच त्याची धार काढत होती. तरी कुस्ती निकाली झाल्यासारख्या टाळ्या पडल्या.

मग रुद्राणी स्टेजवर उभी राहिली. तिच्या घरी पैंजण बनतात. वडील पुढच्याच रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"माय फादर वीरभद्र..."

नाव ऐकताच वीरभद्र उठले, चारी बाजूंना हात जोडले, बसले.

पोरीचं इंग्रजी स्वच्छ होतं. एखादी तरी चूक हवी होती, मॅडमना वाटलं, म्हणजे मधेच अडवता आलं असतं. रुद्राणी सांगत होती, थोरल्या बहिणीचं लग्न झालं, पैंजणाला घुंगरं जोडायला हात कमी पडले, म्हणून वीरभद्र मला जूनपासून शाळेत पाठवणार नाहीत. वीरभद्र उठले, नमस्कार केला. वीरभद्रांना मी तीनदा विनवलं, ती पुढं म्हणाली. पुन्हा नमस्कार. वीरभद्र म्हणाले, विषय संपला. आता त्यांनी हेडमास्तरांनाही वेगळा नमस्कार घातला.

मला दहावी करायची आहे, रुद्राणी म्हणाली. मराठीत सांगून झालं, म्हणून इंग्रजीत सांगते.

गणपतरावांनी मान डोलवली आणि फेटा मागवला. वीरभद्रांना तो बांधला गेला. रुद्राणी मात्र एकटक मॅडमकडं बघत होती.

"नाव किती येळा घेतलं की माझं!" वीरभद्र मॅडमजवळ आले. "काय काय म्हणली वो पोरगी?"

तुमचं कौतुक केलं, असं म्हणून सुटता आलं असतं. मॅडमनी तोंड उघडलंही त्यासाठीच. पण ती पोरगी बघत होती. मग मॅडमनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं, शेवटपर्यंत. गणपतरावांची मान डोलता डोलता मधेच थांबली.

वीरभद्रांचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो उजळला.

"एवढं समदं इंग्लिशमदनं बोलली? न अडखळता?"

"हो."

"बगा की मग!" फेटा सावरत ते हॉलकडं वळले. "सगळं आलं की तिला. आनि काय शिकायचं ऱ्हायलंय आता?"

मागून कुणीतरी "व्हय की" म्हणालं. रुद्राणी अजून स्टेजवरच उभी होती. नजर मॅडमवरच.