शेवंतीच्या रक्ताचा कागद

गुरुदास तांडेल मालवणच्या दवाखान्यात शिरला तो ओरडतच. "डॉक्टर, ह्या कागदाचा काय ता सांगा, नायतर मी लेकीच्या सासरी मसुऱ्याक जाऊन एकेकाची पाठ मोडतंय!"

त्याची लेक शेवंती मागून सावकाश येत होती. एकोणसाठ सालचा वैशाख पेटलेला आणि हिच्या अंगावर घोंगडी! तोंड सुजलेलं, आवाज बसलेला. सासरी तीन वर्षं तिला आळशी म्हणून हिणवलं. शेवटी मुंबईला रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली असेल तर रक्तात आयोडीन कमी निघेल, असं तिथं सांगितलं होतं. निघालं भरपूर. सासरा दाजी म्हणाला, "चेडू धडधाकट आसा, सोंगा करता." पोरीला ट्रंकेसकट बापाच्या दारात आणून सोडलं. माणसं कसली, राक्षस!

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. शेवंतीला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं फार वेळ घेतला. नाडी भरली अठ्ठेचाळीस.

"हिचा थायरॉईड मंदावलाय. कागद फसवतोय. रक्त देण्याआधी आयोडीनचं काही औषध दिलं होतं?"

गुरुदासला ती बाटली आठवली. बोटीवरच्या नोकरीतून आणलेलं आयोडीनचं टिंचर! माहेरपणाला आलेल्या पोरीचा गळा फुगलेला दिसला, म्हणून दोन महिने त्यानंच सकाळ-संध्याकाळ चोपडलं होतं.

"मीयाच लावलंय. गळ्याक," तो पुटपुटला.

"ते कातडीतून रक्तात उतरलं. मोजलं गेलं ते तेच."

गुरुदास ताडकन उठला. राग कुठंतरी काढायलाच हवा होता. "आता दाजीक दाखवतंय!"

"बाबा, बसा."

शेवंतीचा एकेक शब्द घोगरा, जड निघत होता. "गळो जळता, नको, म्हणान रोज सांगलंय. तुमी हात धरून लावलास. मामंजींनी कागदाक इचारल्यानी, तुमी बाटलेक. माका थंडी लागता, हात उचलवत नाय, ह्या तीन वर्सां सांगतंय. माका कोणी इचारला?"

गुरुदासला भांडायला आता कुणीच उरलं नव्हतं. तो खाली बसला.

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून सवयीनं बापापुढं धरली. ती शेवंतीनं घेतली.

"मसुऱ्याक मीच जातलंय," ती म्हणाली. "बरी झाल्यार. आणि माझ्या तोंडान सांगतलंय."